दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि अनुदानासाठी वैद्यकीय पुरावे कसे जमवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची फाइल एवढी जाडजूड असताना बोर्डाने परत का पाठवले?

फाइलच्या जाडीला बोर्डात, म्हणजे दिव्यांगत्व तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या मंडळात, किंमत नसते. आजाराचे नाव काय, एवढ्यावर तिथे भागत नाही. त्या आजारामुळे शरीराचे किंवा मनाचे कोणते काम कायमचे किती अडले, हे डॉक्टरांना मोजायचे असते. मोजायचे कसे, हेही त्यांच्या मर्जीवर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. प्रत्येक प्रकाराचा टक्का काढण्याची पद्धत केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. डॉक्टर त्या चौकटीतच टक्का लिहितात.

म्हणून फाइलमधून तीन गोष्टी कळायला हव्यात. निदान नेमके काय? उपचार करून झाले का, की अजून सुधारणा होण्यासारखी आहे? आणि आज मोजमाप किती भरते? औषधांची बिले, दर महिन्याचे रक्ता-लघवीचे रिपोर्ट, पंचवीस वेळा लिहून दिलेले तेच प्रिस्क्रिप्शन, यातले काहीही या तिन्हींचे उत्तर देत नाही.

किती टक्के लागतात?

बहुतेक लाभांचा उंबरठा ४० टक्के आहे. त्याखाली प्रमाणपत्र मिळते, कार्डही मिळते, पण त्यावर फारसे काही पदरात पडत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंगच टक्का सांगतो: ४० च्या खाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० आणि पुढे निळे.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान ४० टक्के हवेत. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते. आयकरात जुन्या करप्रणालीने विवरण भरणाऱ्याला ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये वजावट मिळते. आपल्याला कोणता लाभ हवा आहे ते आधी ठरवा. ७८ टक्के मिळालेल्या माणसाला दोन टक्क्यांसाठी अपील करावेसे वाटू शकते, पण त्याला हवा असलेला लाभ ४० लाच मिळत असेल तर ती धावपळ कशाला?

किडनी निकामी आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालते. किती टक्के मिळतील?

मूत्रपिंडाचा आजार २१ प्रकारांत नाही. हृदयविकार आणि कर्करोगही नाहीत. हे कोणी आधी सांगत नाही आणि लोक दिवस दिवस रांगेत काढतात. आजारातून यादीतले काही उद्भवले असेल तर मात्र त्याचे मूल्यमापन होते. मधुमेहाने पाय कापावा लागला किंवा दृष्टी गेली, कर्करोगात हात किंवा पाय काढावा लागला, तर अर्ज त्या हाताचा, पायाचा किंवा डोळ्याचा करायचा.

दुसरी वाटही आहे. संजय गांधी योजना फक्त दिव्यांगांची नाही. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे ज्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्यालाही ती लागू आहे. तिथे टक्क्यांचे प्रमाणपत्र नव्हे, आजाराबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांचा दाखला चालतो. मात्र उत्पन्नाची अट जास्त कडक असते. दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत चालते, बाकीच्यांसाठी मर्यादा २१,००० आहे.

जुने कागद हरवलेत. दवाखान्याकडून पुन्हा मिळतात का?

मिळतात, पण वेळेत मागितले तर. डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावे लागते आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागते. तीन वर्षांनंतर मोठी रुग्णालये बऱ्याचदा ठेवतात, छोट्या नर्सिंग होममध्ये कागद रद्दीत गेलेले असू शकतात.

तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा: रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर माहीत असेल तर तो, आणि हवे असलेले कागद नावानिशी. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे किंवा एमआरआयचा लेखी रिपोर्ट, बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मोठ्या रुग्णालयात हे काम मेडिकल रेकॉर्ड विभागात होते, वॉर्डात विचारत बसून उपयोग नाही.

शस्त्रक्रियेची नोंद लोक हमखास विसरतात. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘शस्त्रक्रिया केली’ असते. अंगठा कोणत्या सांध्यातून काढला, पाय गुडघ्याच्या किती खाली कापला, कोणती नस जोडता आली नाही, हे नोंदीत असते. अवयव तुटलेल्या प्रकारात टक्का ठरतो तो नेमका या पातळीवरूनच.

अपघात झाला असेल तर एफआयआर आणि पंचनाम्याची प्रतही ठेवा. बोर्डाला ती लागेलच असे नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात लागते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पत्र घ्यायचे आहे. त्यात काय असावे?

टक्का तर अजिबात नसावा. ‘यांना ६० टक्के अपंगत्व आहे’ असे खासगी डॉक्टरांनी लिहून दिले तरी त्याला वजन नाही. उलट बोर्डापुढे पत्र ओढूनताणून आणल्यासारखे दिसते. टक्का देण्याचा अधिकार अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्यालाच आहे.

एक नमुना पाहा. बहुतेक पत्रे अशी असतात: ‘सदर रुग्णाला गुडघ्याचा तीव्र त्रास असून ते काम करू शकत नाहीत. कृपया सहकार्य करावे.’ यातून मोजण्यासारखे काहीच मिळत नाही. हेच असे लिहिले तर: ‘जून २०२२ मध्ये उजव्या मांडीच्या हाडाचे गुडघ्याजवळ फ्रॅक्चर. प्लेट बसवली. दहा महिने फिजिओथेरपी. आज उजवा गुडघा १० अंशांपासून ५० अंशांपर्यंतच वाकतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ५ पैकी ३. उजवा पाय अडीच सेंटिमीटर आखूड. खाली मांडी घालून बसता येत नाही, जिना कठडा धरून एकेक पायरी चढतात. पुढील शस्त्रक्रियेने लक्षणीय सुधारणा अपेक्षित नाही.’ बोर्डाचे डॉक्टर स्वतः मोजतीलच, पण त्यांचे आकडे आणि हे आकडे जुळले की शंका उरत नाही.

हे पत्र एमबीबीएस फॅमिली डॉक्टरांपेक्षा त्या विषयाच्या तज्ज्ञाचे असावे. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, तारीख, सही-शिक्का बघून घ्या. तारीख नसलेले पत्र म्हणजे कोरा कागद समजा. पत्र एका महिन्याच्या आतले असले तर उत्तम.

हात-पाय, पाठ, मणका: काय न्यावे?

सांध्याची हालचाल अंशांत, स्नायूंची ताकद ० ते ५ श्रेणीत आणि दोन्ही हातापायांनी मिळून करायच्या क्रिया, या तीन गोष्टी तपासल्या जातात. ताजा एक्स-रे न्या आणि जुना पहिला एक्स-रेही न्या, म्हणजे काय होते आणि काय उरले ते दिसते. नसेची इजा असेल तर ईएमजी-एनसीव्हीचा, म्हणजे नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीचा, रिपोर्ट हवा.

पाठदुखीवाल्यांचा अपेक्षाभंग इथे सर्वाधिक होतो. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगणे) लिहिलेले असते आणि माणूस खरोखर बेजार असतो, तरी टक्का फारसा येत नाही. कारण चाळिशीनंतरच्या कितीतरी धडधाकट लोकांच्या एमआरआयमध्येही तेच दिसते, आणि नुसती वेदना मोजता येत नाही. पायाची ताकद कमी झाली, पाऊल लोंबते, लघवीवर ताबा नाही, मणक्याची हालचाल बांधली गेली, असे काही असेल तर ते तज्ज्ञाकडून आधीच नोंदवून घ्या.

एक कान पूर्ण गेला आहे, एक डोळा गेला आहे. ४० टक्के होतील का?

एवढ्यावर होत नाहीत. ऐकण्याच्या हिशेबात चांगल्या कानाच्या टक्क्याला पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचा टक्का मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान शंभर टक्के बाद आणि दुसरा धड असेल तर उत्तर १७ च्या आसपास येते. डोळ्यांचेही तसेच. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के धरतात.

कानासाठी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी हवी, तीही बंद खोलीत केलेली. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे दोन्ही कानांचे वेगवेगळे. कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल आणि पुढे म्हणजे बहिरेपण, ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणे. लहान मुलाला बटण दाबून उत्तर देता येत नाही, तिथे बेरा चाचणी लागते, जिच्यात आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद यंत्रच टिपते. मोठ्यांनाही कधी बेराला पाठवतात, विशेषतः ऑडिओमेट्रीचा आलेख आणि समोरासमोरचे बोलणे यांचा मेळ बसत नसेल तर.

डोळ्याची नजर चष्मा लावून मोजतात. चष्म्याशिवायचा आकडा कितीही वाईट असला तरी धरत नाहीत. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया करून या असेच सांगतील. काचबिंदू किंवा रातांधळेपणाच्या आजारात समोरचे नीट दिसते पण बाजूचे दिसत नाही. त्यांनी दृष्टिक्षेत्राची म्हणजे पेरिमेट्रीची चाचणी नेलीच पाहिजे, नाहीतर तक्त्यावरची अक्षरे वाचता आली म्हणून टक्का कमी पडतो.

मानसिक आजाराला पुरावा कसा देणार? एक्स-रे तर निघत नाही.

आयडियाज नावाच्या मापनपट्टीवर चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम. आजार किती वर्षांचा आहे, याचे गुण वेगळे मिळवतात. एकूण ७ किंवा जास्त गुण झाले की ४० टक्क्यांची रेषा गाठली जाते. म्हणजे ‘स्किझोफ्रेनिया’ एवढे लिहिलेला कागद पुरत नाही, आणि औषधाने बऱ्यापैकी सावरलेल्या माणसाला त्याच निदानावर कमी टक्के येऊ शकतात.

इथे सगळ्यात मोलाचे म्हणजे सलग ओपीडीचे कागद. दोन-तीन वर्षे दर महिन्या-दोन महिन्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्याच्या नोंदी असल्या की आजाराचा काळ आपोआप सिद्ध होतो. मध्ये औषध सुटले असेल तर ते का सुटले, आणि त्यानंतर काय झाले, तेही सांगा. दाखल केले असेल तर प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड ठेवा.

दुसरी गोष्ट घरच्यांची. रुग्ण बोर्डापुढे नीटनेटका बसतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि घरी मात्र आठ आठ दिवस आंघोळ करत नाही. म्हणून रोज सोबत राहणारा माणूस बरोबर हवा. त्याने आधीच पानभर लिहून ठेवावे, पण विशेषणे टाळून. ‘फार विचित्र वागतो’ असे नको. ‘आंघोळीला सांगावे लागते, आठवड्यातून दोनदा होते. पैसे दिले तर मोड परत आणत नाही. दोन वर्षांत तीन नोकऱ्या सुटल्या, एकही महिनाभर टिकली नाही. बहिणीशी सोडून कोणाशी बोलत नाही.’ ही वाक्ये थेट त्या चार बाबींत जाऊन बसतात.

मुलांचे प्रमाणपत्र किती दिवस चालते?

बौद्धिक दिव्यांगत्वात पाच वर्षांच्या आत सर्वांगीण विकास विलंब असे निदान लिहितात, त्यापुढे बौद्धिक दिव्यांगत्व. बुद्ध्यंकासोबत सामाजिक परिपक्वतेची व्हीएसएमएस चाचणी होते आणि ५, १०, १८ अशा टप्प्यांवर पुन्हा तपासणी असते. अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे. स्वमग्नतेला आयएसएए मापनपट्टी आहे, ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही, कारण त्याआधी मूल वाचायला शिकतच असते. शाळेच्या वह्या, निबंधाची पाने, वर्गशिक्षकांचे टिपण हे इथे पुरावेच आहेत, फेकू नका.

सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया?

सिकलसेल आणि थॅलेसेमियाला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारा, रिपोर्ट. वाहक असणे म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. आजार असावा लागतो. रक्त चढवल्यानंतर लगेच केलेल्या चाचणीत दात्याचे रक्त मिसळलेले येते आणि गोंधळ होतो, म्हणून पहिले निदान ज्या रिपोर्टवर झाले तो जपून ठेवा. हिमोफिलियात फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाची, पातळी दाखवणारा रिपोर्ट लागतो. १ टक्क्याच्या खाली पातळी म्हणजे तीव्र आजार.

पक्षाघाताला महिनाच झाला आहे. आत्ताच अर्ज करावा का?

थांबा. पहिल्या सहा महिन्यांत बरीच सुधारणा होते, म्हणून बोर्ड इतक्या लवकर कायमचा टक्का देत नाही. फार तर मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि पुन्हा यावे लागते. तोवर कागद मात्र आजच जमवायला लागा: दाखल होतानाचा सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या हजेरीचे कार्ड. सहा महिन्यांनी हात किती उचलला जातो, हे सुरुवातीच्या नोंदीशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. हाड मोडले असेल तर ते जुळून फिजिओथेरपी संपेपर्यंत हेच लागू.

दोन प्रकारचे दिव्यांगत्व आहे. टक्के बेरीज करून मिळतात का?

सरळ बेरीज होत नाही. ४० आणि ३० चे ७० होत नाहीत. मोठ्या टक्क्यात लहान टक्का सूत्राने मिसळतात आणि उत्तर बेरजेपेक्षा कमी येते. तरीही दोन्हींचे पुरावे न्या, कारण ३५ वर अडलेला माणूस दुसऱ्या छोट्या दोषाने ४० ओलांडू शकतो. अर्ज भरताना दोन्ही प्रकार निवडा. राहिलेला प्रकार तपासणीच्या दिवशी आयत्या वेळी घुसवता येत नाही.

फाइल कशी लावावी?

वर एक पान: नाव, वय, आधारवरील नावाप्रमाणे स्पेलिंग, निदान, घटनांच्या तारखा चार-पाच ओळींत. त्याखाली तज्ज्ञाचे ताजे पत्र, मग चाचण्या, मग शस्त्रक्रियेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड, शेवटी जुने कागद. मूळ प्रती वेगळ्या पिशवीत, झेरॉक्सचा एक संच देण्यासाठी. थर्मल कागदावरचे रिपोर्ट वर्षभरात पुसट होतात, आजच झेरॉक्स काढा. एक्स-रेच्या फिल्म घडी करू नका.

नावातला फरक हे परत पाठवण्याचे सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात नेहमीचे कारण. डिस्चार्ज कार्डावर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’. लग्नाआधीचे कागद माहेरच्या आडनावाचे. रुग्णालयातून दुरुस्ती करून घ्या किंवा विवाह नोंदणी दाखला, राजपत्र, नाहीतर प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्ज कुठे आणि तपासणी कशी होते?

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, राहत्या जिल्ह्यातले रुग्णालय निवडायचे, आणि ठरलेल्या दिवशी अर्जाची प्रत घेऊन जायचे. जिल्हा रुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत बोर्ड बसते. प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ रोज नसतो. कानाचा दिवस वेगळा, मनोविकाराचा वेगळा. निघण्याआधी चौकशी करा. सुधारित नियमांनुसार निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. अर्ज टाकून तपासणीला गेलाच नाहीत तर दोन वर्षांनी तो निष्क्रिय होतो.

रोजची औषधे घेऊनच जा. कुबडी, कॅलिपर, श्रवणयंत्र बरोबर ठेवा. आणि आहे तसे वागा. कोणी लाजेने ‘जमते हो सगळे’ म्हणतो, कोणी हात आहे त्यापेक्षा जास्त लुळा दाखवतो, दोन्हींनी नुकसानच. कपडे घालताना तोच हात वर गेलेला डॉक्टरांना दिसतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

टक्का कमी आला किंवा नकार मिळाला तर?

नकाराचे कारण लेखी द्यावे लागते, ते मागून घ्या. अधिनियमाच्या कलम ५९ खाली राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ‘अन्याय झाला’ असे लिहून अपील उभे राहत नाही. मोजमापातली चूक दाखवावी लागते: पेरिमेट्री केलीच नाही, चष्म्याचा नंबर जुना होता, पायाची लांबी मोजली नाही. त्याच तज्ज्ञशाखेच्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयातील ताजा रिपोर्ट सोबत जोडला तर मुद्दा ठोस होतो. चूक सापडत नसेल आणि आजार बळावणारा असेल तर अपिलापेक्षा काही महिन्यांनी नवीन तपासणी बरी.

एजंट म्हणतो, पैसे द्या, टक्का वाढवून देतो.

खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटाचे नाव त्या कागदावर कुठेच नसते, तुमचे असते. प्रमाणपत्राची पुन्हा पडताळणी केव्हाही लागू शकते, आणि तेव्हा मूळ चाचण्यांचे कागद मागतात.

प्रमाणपत्र मिळाले. आता तहसीलला परत सगळी मेडिकल फाइल द्यायची का?

नाही. तिथे यूडीआयडी कार्ड आणि प्रमाणपत्राची प्रत पुरते. संजय गांधी योजनेसाठी बाकीचे कागद महसुली असतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असल्याचा रहिवासी पुरावा, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये मिळतात. प्रमाणपत्र मुदतीचे असेल तर संपण्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका; मुदत उलटली की अनुदान थांबते, आणि थांबलेले पुन्हा सुरू करून घेणे पहिल्यांदा मिळवण्याहून किचकट जाते. यासाठीच मूळ मेडिकल फाइल प्रमाणपत्र हातात आल्यावरही माळ्यावर टाकू नका.